पंख्याखालचा सकार

२ एप्रिल

चि. खारूताईस,

आशीर्वाद नेहमीचेच, पुरवून वापर.

एका गंभीर प्रकरणाची तक्रार तुझ्याकडे करतो, कारण या घरात माझी दाद लागत नाही. आमची नवी किटली पक्षपाती आहे. तुझी मामी घरात कुठेही असो, पाणी उकळलं की ही बया तिला शिट्टी घालते. मी मात्र स्वयंपाकघरात, तिच्यापासून हातभर अंतरावर, एक्झॉस्ट पंखा लावून पेपर तपासत बसलो की ती मौन धरते. पाणी आटतं, बूड करपतं, आणि मामी बाल्कनीतून धावत येते. काल पुन्हा तेच. "केव्हाची बोंबलतेय ती," मामी म्हणाली. मी म्हटलं, माझ्यासमोर तिनं चकार शब्द काढलेला नाही. त्यावर मामीनं ज्या नजरेनं पाहिलं, तिला आमच्या अलंकारशास्त्रात नाव नाही. किटलीवर खटला भरायचा तर कुठल्या कलमाखाली, ते कळव.

दुसरं, मी एक शोध लावला आहे. तुम्हाला पांढरे कोट घालून जे जमत नाही ते मी खडूच्या धुळीत करून दाखवलं. श, ष, स, ह यांना आम्ही ऊष्म वर्ण म्हणतो, हे तुला लहानपणी रडवून शिकवलं होतं. ऊष्म म्हणजे ऊन, वाफेसारखे. हिवाळाभर माझ्या वर्गाचे उच्चार निर्मळ होते. उकाडा सुरू झाला आणि अख्खा वर्ग ऊष्म वर्ण गिळू लागला. 'शिष्य' म्हणा म्हटलं तर 'इय्य' ऐकू येतं. 'सहस्र'चं तर फक्त हाड उरलं आहे. शिक्षकांच्या खोलीत तर्कशास्त्र शिकवणारे गृहस्थही या साथीतून सुटलेले नाहीत. तात्पर्य: उन्हाळ्यात ऊष्म वर्णांची वाफ होऊन ते उडून जातात. निबंध लिहायला घेतो आहे.

आणि हो, यापुढे रविवारी फोन नको, पत्र लिही. फोनवर माणूस विचार न करता बोलतो. शिवाय तुझेही स-श, आमच्या भाषेत सकार, हल्ली गळतात, आणि मामा म्हणून ते ऐकवत नाही. तिकडेही उकाडा वाढलेला दिसतो.

तुझे म्हातारे उंदीर कसे आहेत? त्यांचं काय करतेस ते एकदा व्याकरणाच्या माणसाला कळेल असं लिही. तुझ्या आईनं "कानाचं काहीतरी" एवढंच सांगितलं.

तुझा,
मामा

११ एप्रिल

प्रिय मामा,

किटलीला तूर्त जामीन मंजूर.

इकडे उकाडा नाही. मी अजून स्वेटर घालते, आणि माझे सकार जागेवर आहेत. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीसमोर 'सशाने शिसे सोसले' असं म्हणून दाखवलं. ती म्हणाली, सगळे आले, पण तू बरी आहेस ना?

आता उंदरांचं. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते. तिच्यात ओळीनं पेशी बसलेल्या असतात आणि प्रत्येकीच्या डोक्यावर केसांसारखा तुरा असतो. आवाजानं तुरा हलतो. तुऱ्यातल्या केसांची टोकं बारीक धाग्यांनी एकमेकांना बांधलेली असतात. तुरा हलला की धागा ताणला जातो, धाग्यानं एक इवलंसं दार उघडतं, त्यातून विद्युतभार आत शिरतो. मग पेशी आपल्या तळाशी एक रसायन सोडते, आणि तिथे चिकटून बसलेली मज्जातंतूंची टोकं ते टिपून मेंदूला वर्दी देतात. तुझं 'इय्य' एवढ्या खटाटोपातून आत जातं.

या पेशी जन्माला येताना मिळतात तेवढ्याच. गेली ती गेली, नवी येत नाही. वय वाढतं तशा पेशींच्या आतल्या ऊर्जेच्या भट्ट्या धुरकट होतात, तो धूर पेशीलाच खातो. पण पेशी मरण्याच्या कितीतरी आधी आणखी एक गोष्ट घडते. मज्जातंतूची टोकं तिला सोडून देतात. पेशी जिवंत, तुरा ताठ, पण निरोप घ्यायला खाली कुणी नाही. बाजूच्या आधार देणाऱ्या पेशी एक प्रथिन पाझरत असतात, त्याच्या बळावर ही टोकं धरून राहतात. वयाबरोबर ते प्रथिन आटतं. आम्ही म्हाताऱ्या उंदरांच्या कानात ते पुन्हा सोडतो. सुटलेली टोकं परत येतात का, ते पाहायचं. उंदीर दोन वर्षांत म्हातारा होतो, त्यामुळे आमची तरुणपणीच वाट पाहून होते.

उंदीर ठीक आहेत. काम ठीक चाललंय. मीही ठीक.

किटलीची वकील म्हणून माझी एक मागणी आहे. फिर्यादीनं आपले कान तपासून घ्यावेत. थट्टा समज, पण जा.

तुझी,
खारूताई

२० एप्रिल

चि. खारूताईस,

निकाल माझ्या बाजूनं लागला. आतून गाद्या ठोकलेल्या एका कपाटात मला बसवलं, कानांवर दोन वाट्या चढवल्या आणि हातात एक बटण दिलं. आवाज ऐकू आला की दाबायचं. इतकी शांतता होती की मला माझ्या घड्याळाचाही राग आला. मी बटण दाबत सुटलो. तपासणारी मुलगी म्हणाली, "काका, तुमच्या वयाला कान फार छान आहेत." त्यातलं 'तुमच्या वयाला' एवढं वगळून बाकी मी मामीला ऐकवलं आणि अहवाल किटलीसमोर उभा करून ठेवला. तिनं त्यावर वाफ सोडली.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पेशी आणि मज्जातंतू जिथे भेटतात त्या जागेचं तुमचं परदेशी नाव तुझ्या आईला विचारलं. ते माझ्या घशात अडकतं. आमच्याकडे दोन वर्ण भेटतात त्याला संधी म्हणतात. तेच घे. आणि त्या प्रथिनाला स्नेह म्हण. संस्कृतात स्नेह म्हणजे तेलही आणि मायाही. चिकटून राहायला दोन्ही लागतात. बारसं फुकट केलं आहे.

आता एक दुःखद वार्ता. माझा सिद्धांत वारला. परवा तोंडी परीक्षा होती. पंखा नेमका माझ्या डोक्यावर, जुना, विमानासारखा. पहिल्या अर्ध्या वर्गानं एकूण एक सकार खाल्ले. मी गुण कापत गेलो, आणि सिद्धांत खरा ठरतो आहे म्हणून मनातून सुखावतही होतो. मग एक मुलगी आली, म्हणाली, "सर, पंखा बंद करू का? माझे कागद उडतात." कर म्हटलं. तिनं श्लोक म्हटला. खारूताई, एकेक ऊष्म वर्ण घासूनपुसून ठेवलेल्या भांड्यासारखा. तिच्यानंतरचे सगळे तसेच. खोली तापली, आम्ही घामाघूम झालो. माझ्या हिशेबानं एकही ऊष्म वर्ण जागेवर राहायला नको होता, आणि सगळे परत आलेले. कारण कळत नाही. तुमच्याकडे असं झालं तर काय करता? आम्ही अपवाद म्हणतो आणि पुढे जातो.

ता. क. एका पत्रात तीनदा 'ठीक'. पुनरुक्ती हा दोष आहे, आणि माझ्या बहिणीच्या मुलीत तो सहसा आढळत नाही. काय लपवतेस?

मामा

२८ एप्रिल

प्रिय मामा,

पकडलंस. काहीच ठीक नव्हतं.

तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा आमचा प्रयोग पडलेला होता. स्नेह दिलेले म्हातारे उंदीर आणि न दिलेले म्हातारे उंदीर, दोन्ही सारखेच ऐकत होते. आम्ही उंदराला गुंगी देतो, डोक्याला बारीक तारा लावतो, आणि आवाज कमी कमी करत नेतो. ऐकू येतंय तोवर पडद्यावर लाट उमटते. सगळ्यांची लाट एकाच पायरीवर विझायची. लाटेच्या उंचीत थोडा फरक दिसायचा, तो आम्ही किरकोळ म्हणून सोडून दिला. आमच्या बाईंनी (प्रयोगशाळेच्या प्रमुख, प्रेमळ आहेत, पण आशा फार वेळ उधार देत नाहीत) सांगितलं होतं की जूनपासून हे काम बंद, उंदीर दुसऱ्या गटाला, आणि मी दुसऱ्या विषयावर. पदवीच्या एवढ्या वर्षांचं काय, हे मी विचारलं नाही. रडू आलं असतं.

त्यात तुझं पत्र आलं. बसथांब्यावर उभ्यानं वाचलं आणि दोन बस सोडल्या.

मामा, तू कपाटात पास झालास आणि पंख्याखाली नापास. हिवाळ्यात तुझ्या वर्गात पंखा नसतो. किटलीजवळ तू एक्झॉस्ट लावतोस. उकाडा कशालाच कारण नाही, पंखा आहे. सकार म्हणजे नुसती बारीक फुसफुस, पंख्याचा आवाजही तसाच. त्या गोंगाटातून सकार वेगळा काढायला कानाला मनुष्यबळ लागतं. एका पेशीखाली दहा-वीस टोकं बसलेली असतात. अर्धी गेली तरी निवांत खोलीतली बारीक टिकटिक उरलेली टोकं पोचवतात, आणि तपासणारी मुलगी म्हणते, काका, छान. गोंगाटात मात्र सगळी लागतात. तुझ्या भाषेत सांगायचं तर वीस जणांच्या पाठांतरातले दहा गैरहजर असले तरी रिकाम्या सभागृहात श्लोक ऐकू जातो. बाजारात म्हणून बघ.

आणि आमची उंदरांची पेटी! आतून गाद्या, संपूर्ण शांतता. गेली दोन वर्षं आम्ही त्यांना तुझ्या कपाटात बसवत होतो.

मी तशीच बाईंच्या खोलीत गेले. त्यांनी चष्म्यावरून विचारलं, ही कल्पना कुणाची. मी म्हटलं, संस्कृतच्या एका प्राध्यापकांची, त्यांची किटलीविरुद्ध फिर्याद चालू आहे. बाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग म्हणाल्या, "मेअखेरपर्यंत उंदीर तुझे. गोंगाट लाव."

तेव्हा सध्या म्हाताऱ्या उंदरांना पंख्याच्या आवाजात ऐकायला बसवते आहे. तुझ्या कानात हेच झालंय, असं छातीठोक सांगता येत नाही. जिवंत माणसाच्या संधी मोजायची सोय अजून नाही. पण वर्गातला पंखा बंद कर.

खारूताई

९ मे

चि. खारूताईस,

तुझ्या उंदरांच्या पंक्तीला मला बसवलंस, याबद्दल तुझ्या आईकडे वेगळी तक्रार जाईल. बाकी मुद्दा बिनतोड. मी तो तर्कशास्त्राच्या गृहस्थांना ऐकवला. त्यांनी काहीतरी सविस्तर उत्तर दिलं. पंखा चालू होता.

पहिल्या अर्ध्या वर्गाची परीक्षा पंखा बंद करून पुन्हा घेतली. घामानं सगळ्यांचे कागद मऊ पडले. पोरांनी श्लोक उत्तम म्हटले. कापलेले गुण परत केले. "सर, आधी काय चुकलं होतं?" एकानं विचारलं. मी म्हटलं, परीक्षक. वर्ग इतका हसला की ते मात्र मला पंख्यातही ऐकू आलं असतं.

किटलीवरचा खटला मागे घेतला आहे. अब्रूनुकसानीबद्दल तिला आतून लिंबानं घासून दिलं.

खरं सांगायचं तर रोज टपालाच्या डब्याकडे दोनदा जातो. तुझा प्रयोग पडला तर जगाला किती तोटा होईल हे मला कळत नाही. पण तू ती दुसरी बस चुकवून उभी होतीस ते मला दिसतं, आणि ती मुलगी हरू नये असं वाटतं. लहानपणी तू व्याकरणात अडलीस की पेन्सिल चावायचीस. उंदरांसमोर तसं करू नकोस, त्यांना राग येईल.

मामी बरी आहे. हल्ली कमी बोलते. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हे सुखच म्हणायचं.

मामा

२४ मे

मामा,

जिंकलो.

आधी ते सांगितलं, आता नीट सांगते. कुठल्या उंदराला स्नेह मिळालाय ते मला माहीत नव्हतं, फक्त बाईंना माहीत होतं. नाहीतर डोळे आपल्याला हवं तेच पाहतात. मी रोज एकेकाला पेटीत ठेवून पंख्यासारखा गोंगाट सोडायचे आणि त्यातून बारीक स्वर द्यायचे. काहींची लाट गोंगाटात लगेच बुडायची. काहींची टिकून राहायची, अगदी तरुण उंदरांसारखी. प्रत्येकाचा आलेख छापून मी टेबलावर दोन ढीग करत गेले: बुडालेले आणि तरलेले. शेवटचा उंदीर झाला तेव्हा बाईंना बोलावलं.

बाई आल्या. कागद आपल्या यादीशी ताडून पाहायला लागल्या. मी पेन्सिल चावत होते, हे कबूल. मग त्यांनी तरलेल्यांमधला एक कागद उचलला आणि बुडालेल्यांच्या ढिगावर ठेवला. मी पुढच्या कागदाची वाट पाहत राहिले. पुढचा कागद नव्हता. तो एक उंदीर स्नेहाशिवायच तरला होता, बाकी सगळे बरोबर ढिगात होते, मामा. स्नेह मिळालेला एकूण एक म्हातारा उंदीर गोंगाटात ऐकत होता. बाई माझ्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या मामांना पंखा बंद करायला सांग. त्यांचं काम झालं."

मग आम्ही काही उंदरांचे कान सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यासाठी त्यांचा जीव घ्यावा लागतो. त्या दिवशी मी जेवत नाही. पेशीचा निरोप सोडणारा भाग लाल रंगवतो, तंतूचा तो घेणारा भाग हिरवा. लाल-हिरवा शेजारी दिसला की संधी शाबूत. न दिलेल्या उंदरांत लाल ठिपके एकटेच, जोडीदार नसलेले. दिलेल्यांत जोड्याच जोड्या. पाहता पाहता माझ्या चष्म्यावर धुकं आलं. शेजारच्या मैत्रिणीनं विचारलं, काय दिसतंय? मी म्हटलं, संधी. ती म्हणाली, नोकरीची? आता प्रयोगशाळेत सगळे तोच शब्द वापरतात. बाई 'स्नेह' म्हणायला अजून लाजतात, पण परवा फळ्यावर लिहिताना मी पाहिलं.

काम बंद होणार नाही. बाईंनी ते आणखी तीन वर्षांसाठी नक्की केलंय, आणि माझी पदवी याच्यावरच होणार. लेखाच्या शेवटी आभारांत त्या तुझा उल्लेख करणार आहेत. कसा करावा यावर वाद चालू आहे. किटलीचा करायला त्यांनी नकार दिला.

आता पाय जमिनीवर. उंदरापासून माणसापर्यंतचा रस्ता लांब आहे, आणि त्यावरून गेलेले सगळेच पोचले असं नाही. यातलं औषध तुझ्या कानात मी घालेन की नाही, मला माहीत नाही. तोवर कान तपासणाऱ्या त्या मुलीकडे परत जा, गोंगाटातली चाचणी माग, समोरच्याचं बोलणं नेमकं टिपणारं श्रवणयंत्र मिळतं ते लावून बघ. फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून तू पत्रं मागितलीस, हे मला पहिल्या पत्रातच कळलं होतं. मी रागावले नाही. पत्रं छान असतात तुझी.

एकच विचारते. मामीला सांगितलंस का?

खारूताई

१ जून

विजयी खारूताईस,

तुझं पत्र 'आता पाय जमिनीवर'च्या अलीकडे थांबून मामीला मोठ्यानं वाचून दाखवलं, 'जिंकलो' तीनदा. मग वर्गात वाचलं, पंखा बंद करून. उंदरांच्या ढिगाशी आल्यावर मी मुद्दाम थांबलो. कागद उडणारी ती मुलगी म्हणाली, "सर, पुढे वाचा ना." तो एकच कागद हलला हे कळल्यावर सगळ्यांनी बाकं बडवली, शेजारच्या वर्गातून तर्कशास्त्र डोकावून गेलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या तासाला बाकं पहिल्यांदाच आनंदानं वाजली. किटलीला बातमी सांगितली. तिनं शिट्टी घातली आणि मी ती ऐकली. एक्झॉस्ट बंद होता.

आभारांत माझं नाव घालू नका. "एक परीक्षक" एवढं पुरे. तुझ्या बाईंना सांग, फळ्यावर लिहिलेला स्नेह पुसू नये.

गर्वानं छाती फुगली आहे, आणि ती तुझ्यामुळे, हे इथं स्वच्छ लिहून ठेवतो. व्याकरण शिकवून मी आयुष्यात जेवढ्या संधी केल्या त्याहून जास्त तू एका उन्हाळ्यात जोडल्यास.

आता तुझा प्रश्न. नाही, मामीला कानांचं सांगितलेलं नाही. कपाटातला अहवाल तेवढा दाखवला, आणि तोच खरा मानायला लावला. तिचा आवाज मऊ आहे, तुला ठाऊकच आहे, आणि आमच्या घरात दिवसभर पंखा असतो. आधी मी "काय?" म्हणायचो आणि ती पुन्हा सांगायची. मग "काय?" म्हटल्यावर ती "जाऊ दे" म्हणू लागली. मला ते बरं दिसेना, म्हणून मी विचारणंच सोडलं आणि मान डोलवायला शिकलो. गेल्या आठवड्यात संध्याकाळी ती माझ्याशेजारी बसून बराच वेळ काहीतरी सांगत होती. शेवटी तिनं पदरानं डोळे टिपले. मी मान डोलावली. तिनं काय सांगितलं ते मला माहीत नाही.

हे पत्र टपालात टाकून येतो, घरातले सगळे पंखे बंद करतो, तिच्यासमोर बसतो आणि विचारतो. उंदरांना जमलं, मला जमायला हवं.

थट्टा पुरे. म्हातारपणाला मी भीत नाही, किटल्या करपल्या तर करपोत. 'जाऊ दे' या दोन शब्दांत एकही ऊष्म वर्ण नाही. तेवढे मला पंख्याखालीही स्वच्छ ऐकू येतात. एक दिवस ती माझ्याशी तेवढंच बोलेल, याची मला भीती वाटते.

मामा